हबर्ड ब्रुक : एका लहान नदीचा जमाखर्च

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शालेय भूगोलात नद्यांची ओळख बहुधा त्यांच्या आकारमानावरून होते. सर्वांत लांब नदी कोणती, सर्वाधिक पाणी कोणती वाहून नेते, कोणत्या नदीचे खोरे सर्वांत विस्तीर्ण, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी पाठ करतात आणि ती जन्मभर लक्षात राहतात. ज्या प्रवाहांची लांबी दहापंधरा किलोमीटरपलीकडे जात नाही, ज्यांच्यासाठी जगाच्या नकाशात निळी रेघही ओढली जात नाही, ते या यादीत कधीच येत नाहीत. तथापि मोठ्या नदीतून वाहणारे पाणी शेवटी अशाच असंख्य लहान प्रवाहांचे असते. नदी आपल्या खोऱ्याशी कशी बांधलेली असते हे समजून घ्यावयाचे असेल, तर एखाद्या लहान नदीपाशीच जावे लागते. आजचा विषय अशाच एका नदीचा आहे. तिचे नाव हबर्ड ब्रुक. इंग्रजीत ‘ब्रुक’ म्हणजे ओढा. तेव्हा नावानेही तिने मोठेपणाचा दावा केलेला नाही.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशायर नावाचे छोटे राज्य आहे. त्याच्या उत्तर भागात व्हाइट माउंटन्स ही पर्वतरांग पसरलेली आहे. या रांगेच्या दक्षिण बाजूस, सुमारे ४४ अंश उत्तर अक्षवृत्तावर, हबर्ड ब्रुकचे खोरे आहे. खोऱ्याचा आकार एखाद्या वाडग्यासारखा, चहूबाजूंनी उंच कडा असलेला. संशोधनासाठी राखून ठेवलेल्या जंगलाचे क्षेत्रफळ सुमारे ३,१६० हेक्टर असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून २२२ मीटरपासून १,०१५ मीटरपर्यंत वाढत जाते. मुख्य प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून अनेक लहान ओढे येऊन त्याला मिळतात. सुमारे १३ किलोमीटरांचा प्रवास संपवून हबर्ड ब्रुक पेमिजेवासेट नदीला मिळते. तिच्यापासून पुढे मेरिमॅक ही नदी तयार होते आणि मेरिमॅक अटलांटिक महासागरास जाऊन मिळते. म्हणजे या डोंगरावर पडलेल्या पावसाचा थेंब तीन नावांच्या नद्यांतून समुद्रापर्यंत पोहोचतो.

या खोऱ्याची घडण हिमयुगाने केली. हजारो वर्षे येथे बर्फाचा प्रचंड थर होता. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी तो मागे हटला आणि जाताना खडक घासून, फोडून, त्यांचा चुरा व मोठमोठे धोंडे उतारांवर टाकून गेला. आजची माती या हिमगाळापासून तयार झाली आहे. ती उथळ, वालुकामय आणि मुळातच आम्लधर्मी आहे. कुदळ मारली तर दोन-तीन फुटांत दगड लागतो. खालचा मूळ खडक मात्र अत्यंत घट्ट आहे. त्यातून पाणी सहसा झिरपत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही भूमी दरिद्री म्हणावी लागेल. परंतु याच घट्ट खडकामुळे या खोऱ्यास एक दुर्मीळ गुण लाभला : येथे पडलेले पाणी जमिनीखालून गुपचूप दुसरीकडे निघून जात नाही. ते एकतर वाफ होऊन आकाशात परतते किंवा ओढ्यातून बाहेर पडते. तिसरी वाट जवळजवळ नाहीच. या गुणाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

खोऱ्याच्या खालच्या व मधल्या उतारांवर पानझडी वृक्षांचे राज्य आहे : साखरी मेपल, बीच आणि पिवळा बर्च. जसजसे वर चढावे तसतशी माती अधिक पातळ आणि हवा अधिक थंड होत जाते. मग स्प्रूस, बाल्सम फर यांसारखे सूचिपर्णी वृक्ष आणि पांढऱ्या सालीचा बर्च दिसू लागतात. उत्तरेकडील थंड प्रदेशांतील सूचिपर्णी अरण्ये आणि दक्षिणेकडील पानझडी वने यांची सीमारेषा जणू या डोंगराच्या उतारावरूनच जाते. हे जंगल अस्पर्श आहे असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे मोठ्या प्रमाणावर तोड झाली, आणि सप्टेंबर १९३८ मधील चक्रीवादळाने उरलेल्यांपैकीही अनेक वृक्ष लोळवले. आज दिसते ते त्यानंतर पुन्हा उभे राहिलेले जंगल आहे.

आता या नदीचे वर्ष पाहू. मोसमी पावसाच्या देशात नदीचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. चार महिने पूर आणि मग हळूहळू आटत जाणे. हबर्ड ब्रुकच्या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस व हिम पडते, आणि ते बाराही महिन्यांत बऱ्याच अंशी सारखे वाटलेले असते. तरीही नदीचा प्रवाह सारखा राहत नाही. याचे कारण ऋतू आणि वृक्ष यांत आहे.

जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे नऊ अंश सेल्सिअस असते. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जमीन हिमाखाली झाकलेली राहते. मार्चमध्ये या थराची जाडी सरासरी एक मीटर होते. त्या काळात नदीचे पाणी कमी असते, कारण आकाशातून आलेले पाणी उतारावर घनरूपात साठलेले असते. सूर्य वर येऊ लागला की दक्षिणाभिमुख उतारांवरचे बर्फ आधी वितळते, उत्तराभिमुख उतारांवरचे नंतर. मार्च ते मे या तीन महिन्यांत वर्षभराच्या प्रवाहाचा निम्म्याच्या आसपासचा भाग वाहून जातो. त्यानंतर मेपल व बीच यांना पालवी फुटते आणि नदीचे पाणी उतरू लागते. पाऊस तेवढाच पडत असतो, पण आता लक्षावधी मुळे जमिनीतून पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडीत असतात. ऐन उन्हाळ्यात तर लहान ओढ्यांची पातळी दिवसा किंचित उतरते आणि रात्री, वृक्ष स्वस्थ असताना, पुन्हा किंचित चढते. पुढे ऑक्टोबरात पाने लाल-पिवळी होऊन गळतात आणि पाऊस न वाढताही नदीचे पाणी वाढते. वर्षाचा हिशेब मांडला तर १,४०० मिलिमीटरपैकी सुमारे ९०० मिलिमीटर पाणी ओढ्यातून जाते आणि सुमारे ५०० मिलिमीटर बाष्परूपाने आकाशास परत मिळते.

वृक्षांचा नदीशी असलेला संबंध पाणी ओढून घेण्यापुरता नाही. दाट सावलीमुळे ओढ्याच्या पाण्यात शेवाळ व वनस्पती फारशा वाढत नाहीत. मग त्यातील जीव जगतात कशावर? या खोऱ्यातील बेअर ब्रुक नावाच्या ओढ्यावर झालेल्या व १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उत्तर दिले : ओढ्यातील जीवसृष्टीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काठावरच्या जंगलातून येते. गळलेली पाने, काटक्या, जमिनीतून झिरपणारे सेंद्रिय पदार्थ हेच या पाण्याचे अन्न. पानांवर बुरशी व जिवाणू वाढतात, ती पाने कीटकांच्या अळ्या खातात, आणि त्या अळ्यांवर सॅलॅमँडर व ट्राउट मासे जगतात. ओढ्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यांशी पालापाचोळा अडकून लहान लहान नैसर्गिक बांध तयार होतात. हे बांध काढून टाकले असता साठलेला पालापाचोळा व गाळ झपाट्याने वाहून जातो, असे प्रयोगान्ती दिसले. वरवर कचरा वाटणारी ती अडगळ म्हणजे ओढ्याचे कोठार असते.

आतापर्यंतचे वर्णन उत्तरेकडील कोणत्याही जंगलातल्या लहान नदीस थोड्याफार फरकाने लागू पडेल. हबर्ड ब्रुक वेगळी ठरली ती तेथे ठेवल्या गेलेल्या नोंदींमुळे. १९५५ साली अमेरिकेच्या वनसेवेने जंगल आणि पाणी यांच्या संबंधाचा अभ्यास करण्यासाठी हे खोरे निवडले. एकेका लहान ओढ्याच्या तोंडाशी त्रिकोणी खाच असलेले बंधारे बांधण्यात आले. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह किती हे अचूक कळते. अशी नऊ लहान पाणलोट क्षेत्रे मोजणीखाली आली. डार्टमथ महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट बोरमन यांनी १९६० साली तेथील वनसेवेचे शास्त्रज्ञ रॉबर्ट पियर्स यांना एक पत्र लिहिले. त्यातील कल्पना साधी होती. खोऱ्याचा तळ पाणी गळू देत नसेल, तर पावसातून आत काय येते आणि ओढ्यातून बाहेर काय जाते हे मोजून संपूर्ण जंगलाचा जमाखर्च मांडता येईल. आत आलेले अधिक असेल तर जंगल साठवीत आहे. बाहेर गेलेले अधिक असेल तर जंगल आपली पुंजी मोडीत आहे. १९६३ साली बोरमन, पियर्स, जीन लायकेन्स आणि भूवैज्ञानिक नॉय जॉन्सन यांनी हे काम हाती घेतले. दर आठवड्यास पावसाचा व ओढ्याचा नमुना घ्यावयाचा, तपासावयाचा आणि लिहून ठेवावयाचा, असा नेम सुरू झाला.

या हिशेबाने पहिला धडा दिला तो वृक्षतोडीविषयी. १९६५ च्या अखेरीस एका १५.६ हेक्टरांच्या पाणलोटातील प्रत्येक झाड पाडण्यात आले. लाकूड बाहेर नेले नाही, रस्ते केले नाहीत. फक्त झाडे पाडून तेथेच ठेवली आणि पुढील तीन उन्हाळे वनस्पतिनाशक फवारून नवी वाढ रोखली. पहिल्या वर्षी ओढ्याचे पाणी अपेक्षेपेक्षा ३९ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या वर्षी २८ टक्क्यांनी. पाणी वाढले ही बातमी वरवर चांगली वाटेल. पण त्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण कित्येक पटींनी वाढून पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेले, आणि त्याबरोबर कॅल्शियम, पोटॅशियम यांसारखी पोषकद्रव्येही जमिनीतून निघून जाऊ लागली. उघड्या पडलेल्या ओढ्यात शेवाळ माजले. मुळे होती तोवर मातीतील नायट्रोजन ती शोषून घेत. मुळे गेल्यावर जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले आणि पाण्याने ते वाहून नेले. शेजारचा न तोडलेला पाणलोट मात्र पावसातून मिळालेला नायट्रोजन बव्हंशी धरून ठेवीत होता. जमिनीची सुपीकता मातीत असते, असे समजले जाते. ती मातीत टिकवून धरण्याचे काम जिवंत मुळे करतात, हे या ओढ्याच्या पाण्याने दाखवून दिले. फवारणी थांबल्यावर अनेक दशके मातीत निद्रिस्त राहिलेली रानचेरीची बीजे रुजली, वेगाने वाढली आणि ही गळती आवरू लागली. जखम बांधण्याची सोय जंगलाने आधीच करून ठेवली होती.

दुसरा धडा कोणी शोधावयास गेलेच नव्हते. १९६३ च्या उन्हाळ्यात पावसाच्या पाण्याचा पहिला नमुना तपासला गेला, तेव्हा त्याचा सामू ३.७ इतका कमी निघाला. सामूचे मान जितके कमी, तितकी आम्लता अधिक. आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. स्वच्छ पावसाचा सामू साधारण ५.६ असतो. म्हणजे निर्जन डोंगरावर पडलेला तो पाऊस नेहमीच्या पावसाहून सुमारे ऐंशी पट आम्ल होता. जवळपास कारखाना नाही, शहर नाही. मग हे आम्ल आले कोठून? उत्तर शेकडो किलोमीटर पश्चिमेस होते. तेथील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या उंच धुराड्यांतून निघालेला गंधकाचा धूर वाऱ्याबरोबर पूर्वेस येत होता आणि पावसात विरघळून डोंगरांवर उतरत होता. १९७२ साली आणि पुन्हा १९७४ साली या संशोधकांनी आम्लपर्जन्याचा हा प्रश्न जगापुढे मांडला. साहजिकच वाद झाले. एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. वर्षावर्षांतले चढउतार इतके असतात की पावसाची आम्लता खरोखर कोणत्या दिशेने बदलत आहे, हे ठरविण्यास एका दशकाच्या नोंदीही पुरल्या नाहीत. दर आठवड्याची ती कंटाळवाणी नोंद चालू राहिली म्हणूनच हे प्रतिपादन टिकले. १९९० साली अमेरिकेने स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती करून गंधकाच्या उत्सर्जनावर कठोर मर्यादा घातली. त्या निर्णयामागे इतरत्र झालेले पुष्कळ संशोधन होते. पण त्यात या लहान ओढ्यांच्या वहीचा वाटा मोठा होता.

कायदा झाला, धूर घटला, पाऊसही हळूहळू निवळला. नदी मात्र अपेक्षेइतक्या लवकर सावरली नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी त्याचे कारण उलगडले. अनेक दशकांच्या आम्ल पावसाने मातीतील कॅल्शियम धुऊन नेले होते. आम्लाला निष्प्रभ करणारी ही पुंजी खडकाच्या अतिमंद झिजेतूनच पुन्हा भरून निघते. याचा पुरावा ओढ्यांच्या भूगोलातही दिसतो : उगमाजवळ, जेथे माती पातळ असते, तेथे पाणी अधिक आम्ल असते, खाली येताना ते जाड हिमगाळातून झिरपते आणि त्याची आम्लता कमी होत जाते. कॅल्शियमचे महत्त्व पडताळण्यासाठी ऑक्टोबर १९९९ मध्ये ११.८ हेक्टरांच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या पसरण्यात आल्या. पुढील वर्षांत तेथील साखरी मेपलची प्रकृती सुधारली आणि नवी रोपे अधिक जोमाने वाढली. पण साऱ्या डोंगररांगांवर हेलिकॉप्टर फिरविता येत नाही. वरून पडणारे विष थांबविणे कायद्याच्या हाती होते. गेलेली पुंजी परत आणणे कोणाच्याच हाती नाही.

तिसरा धडा अद्याप लिहिला जात आहे. खोऱ्याच्या खालच्या टोकाशी मिरर लेक नावाचे लहान सरोवर आहे. त्यावर हिवाळ्यात बर्फ टिकण्याचा काळ घटत चालला आहे. जंगलातील हिमाचा थरही पातळ होत आहे. हिम हे मातीचे पांघरूण असते. जाड थराखाली माती फारशी गोठत नाही. पांघरूण पातळ झाले की थंडी थेट जमिनीस भिडते. म्हणून हिवाळे सौम्य होत असताना माती मात्र अधिक गोठू शकते. संशोधकांनी काही जागांवरचे हिम मुद्दाम हटवून पाहिले, तेव्हा माती गोठून बारीक मुळे मेली आणि मातीतून नायट्रेटची गळती वाढली. वृक्षतोडीच्या वेळी कुऱ्हाडीने जे घडले होते, त्याचीच ही सौम्य आवृत्ती.

या तिन्ही धड्यांचे सार एकच आहे. नदी काठांमध्ये मावत नाही. ती उताराच्या माथ्यापासून सुरू होते. मुळांतून, पानांतून, हिमाच्या थरातून आणि दूरवरच्या धुराड्यातूनही ती घडत असते. खोऱ्यात जे काही होते ते उशिरा का होईना पाण्यात उतरते. मात्र ते वाचता येण्यासाठी कोणीतरी दीर्घकाळ नोंद ठेवावी लागते. हबर्ड ब्रुकच्या खोऱ्यात जुन्या नमुन्यांच्या बाटल्याही जपून ठेवलेल्या आहेत, कारण उद्याचा अभ्यासक कोणता प्रश्न विचारील हे आज ठाऊक नसते. १९६३ साली पहिली बाटली भरणाऱ्यांना आम्लपर्जन्य शोधावयाचे नव्हते. पुढच्या पिढ्यांनी तीच वही पुढे चालविली, आणि त्या नोंदींना आता साठ वर्षे होऊन गेली आहेत.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेस साठ वर्षांच्या अखंड नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको. हजेरीपत्रके, दाखल्यांची नोंदवही, निकालपत्रके यांतील एकेक ओळ लिहिताना ती क्षुल्लकच वाटली असेल. आज त्याच ओळींतून संस्थेचा इतिहास उभा राहतो. माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या घरांपासून थोड्याच अंतरावर कोठे ना कोठे एखादा नाला, ओढा किंवा लहान नदी असेल. तिचा उगम कोठे, तिच्या पाणलोटात काय उगवते, काय टाकले जाते, पावसाळ्यात पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढते आणि उन्हाळ्यात कोणत्या तारखेस आटते, हे बहुधा कोणीही लिहून ठेवलेले नसते. त्यासाठी हेलिकॉप्टर लागत नाही. एक पर्जन्यमापक, काठावर रंगविलेली एक मोजपट्टी आणि एक वही पुरते. इयत्ता सातवीच्या मुलामुलींनी आठवड्यातून एकदा जाऊन आकडा लिहावा आणि वर्ष संपताच ती वही पुढच्या सातवीच्या हाती द्यावी. पहिली काही वर्षे त्या वहीतून काहीच निष्पन्न होणार नाही. तरीही ती बंद पडू देऊ नये, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे.